खुराला वास येतोय आणि आण्णा म्हणतात काही नाही

पत्र:

ताई, मी मखमलाबादकडची. लग्नाला चार वर्षं झाली. सासरी वरातीच्या तीन घोड्या आहेत, आजेसासऱ्यांचा टांगा होता तेव्हापासूनचा धंदा. ऑर्डर घेणं, सजवणं, वरातीला जाणं हे आण्णा म्हणजे सासरे आणि आमचे हे बघतात. लीद, पाणी, कडबा, खरारा सगळं माझ्याकडे. आता तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतील, पहिल्याच आठवड्यात चार ऑर्डर आहेत. आमची पांढरी घोडी राणी, तिच्या पुढच्या उजव्या खुराला पंधरा दिवसांपासून घाण वास येतोय, काळं काहीतरी निघतं. आण्णा म्हणाले पावसाळ्यानंतर होतंच, काही नाही, गाडीचं जळकं ऑईल लाव. लावलं, फरक नाही. तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, कातडी सोलली गेलीय आणि नाकावरच्या गुलाबी जागेचे पापुद्रे निघतायत. गेल्या वर्षी वरातीहून आल्यावर दुसरीचं पोट दुखलं, आण्णांनी नळीने तेल पाजलं. ती वाचली पण मी रात्रभर थरथरत होते. घरी काय करायचं, डॉक्टरला कधी बोलवायचं सांगाल का? आणि आण्णांना कसं सांगू, मला घोड्यातलं काही कळत असेल असं घरात कुणाला वाटत नाही. त्यात हे सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून चौथी घोडी आणायचं म्हणतायत.
– घोड्यांची सून

उत्तर:

अगं सूनबाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या वडलांचा टांगा होता, नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी, आणि आमच्या घरात पण लीद काढायचं काम आईचं आणि माझंच होतं, त्यामुळे तू काय लिहितेयस ते मला अगदी आतून कळतं. आधी एक सांगते. राणीच्या खुराला वास येतोय हे तुला कळलं, आण्णांना नाही, यांनाही नाही, तुलाच कळलं कारण तू रोज तिच्या पायाशी बसतेस. घोडं बोलत नाही, त्याचं रोजचं वागणं ज्याला पाठ आहे त्यालाच आज काहीतरी वेगळंय हे दिसतं, आणि तुमच्या घरात ते पाठ असलेलं माणूस तू आहेस. तेव्हा मला काही कळत नाही हे आधी मनातून काढ.

आता खूर. तू लिहिलंस त्यावरून हे खूर कुजणं वाटतंय. राणीचा पाय उचलून तळ बघ, मधोमध त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये खाचा असतात. त्या खाचांमध्ये लीद आणि मूत मिसळलेला चिखल दाबून बसतो, आत हवा जात नाही, आणि हवा नसली की वाढणारे जंतू तिथे मजेत वाढतात. तो वास त्यांचाच, एकदा नाकात बसला की विसरत नाही. आता तूच बघ, असल्या जागेवर जळकं ऑईल लावलं तर काय होणार, वरून झाकण बसतं, ओल आतच राहते, हवा आणखी बंद होते. त्यात इंजिनचं काळं ऑईल म्हणजे घाणच, ते कुठल्याच जनावराच्या कातडीला लावू नये. आण्णांच्या काळी हेच मिळायचं म्हणून लावायचे, ठीक आहे, पण आजपासून बंद कर.

करायचं काय तर सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळा चारही खूर साफ करायचे, एकच नाही, चारही. हूफ पिक मिळाला तर चांगलंच, नाहीतर नालबंदाकडून बोथट टोकाचा आकडा मागून घे. टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायचं, उलटं केलंस तर टोक मऊ भागात घुसतं. मग पाण्याने धू, जुन्या सुती कापडाने अगदी कोरडं पूस, हे कोरडं करणं लोक विसरतात आणि तिथेच सगळं बिघडतं. मग पोव्हिडोन आयोडीन, मेडिकलमध्ये मिळतं तेच, पाण्यात चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून कापसाच्या वातीने खाचांच्या आत पोचव. घट्ट आयोडीन किंवा मोरचूद उघड्या मांसावर घालू नकोस, आग होते, आणि दुसऱ्या दिवशी ती पाय उचलूच देणार नाही. नालबंदाला या आठवड्यातच बोलाव, सुटलेला मेलेला भाग तो कापून काढेल, तुझ्या आकड्याने तो निघणार नाही आणि तू काढूही नकोस. नाल किती दिवसांपूर्वी मारलेत तेही बघ, सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलावे लागतात, घासले नसले तरी, कारण खूर वाढतच असतो. आणि सगळ्यात मोठा उपाय तुझ्या हातात नाही तर तबेल्याच्या जमिनीत आहे. ती ओली असेल तर तू महिनाभर आयोडीन लावलंस तरी काही होणार नाही. मुरूम टाकून उतार करून घे, मूत एका बाजूला वाहून जायला पाहिजे, वर कोरडा भुसा पसर. आत्ता पाऊस संपलाय, उन्हं आहेत, हीच वेळ आहे.

आठ-दहा दिवसांत वास गेला पाहिजे. पण राणी लंगडायला लागली, खाचेतून रक्त आलं, खूर हाताला गरम लागला किंवा वरचा सांधा सुजला तर मग ते घरचं काम राहिलं नाही, डॉक्टर. खिळा किंवा तार घुसलेली दिसली तर घाईने उपटू नकोस, कुठे आणि किती आत गेलंय ते डॉक्टरला दिसलं पाहिजे, ती आणखी आत जाईल असं वाटलं आणि काढावीच लागली तर आधी फोटो काढ आणि ती जागा पेनाने मार्क करून ठेव. धनुर्वाताचं इंजेक्शन तिन्हींना दरवर्षी दिलंय का हे आजच विचार. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, माणसापेक्षाही, आणि एकदा झाला की वाचणं अवघड.

तंगाखालची जखम दिसायला बारीक आहे पण मला तिची काळजी जास्त वाटते, कारण पहिल्याच आठवड्यात चार ऑर्डर आहेत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन छोटे चमचे मीठ टाक, त्याने दिवसातून दोनदा हलकं धू, सुकू दे, माशा बसू देऊ नकोस. हळद, राख, चुना काही थापू नकोस. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस माशांमुळे घोड्याची जखम चिघळून दाणेदार मांस वाढतं, त्याला जाणती माणसं बरसाती म्हणतात, आण्णांना हा शब्द माहीत असेल. ती माशीने आणलेल्या जंतांमुळे होते, त्याला डॉक्टरचं जंताचं औषध लागतं, वरच्या मलमाने भागत नाही. जखम लहान व्हायच्या ऐवजी वाढत चालली, घोडी खाजवून खाजवून रक्त काढायला लागली की बरसाती समजायची.

पण जोवर तिथे नवीन कातडी येऊन केस उगवत नाहीत तोवर त्या जागेवर तंग नको. हे सांगताना मला माहितीय मी काय मागतेय, ऑर्डर म्हणजे घरातला पैसा. तरी हिशेब बघ. राणीला दोन आठवडे उभं ठेवलं तर चार ऑर्डर बाकीच्या दोघींवर वाटून घेता येतील किंवा एखादी दुसऱ्याला देता येईल, पण तशीच नेली तर ती जखम खोल जाते, घोडी खोगीर बघितलं की चावायला लागते, आणि मग वैशाखापर्यंतचा सगळा सीझन जातो. तोवर तंगाचा पट्टा उलटा करून आतून हात फिरव, वाळलेला घाम खडबडीत खरवडीसारखा जमलेला असतो, तो धुऊन काढ, शिलाई उसवून टोक बाहेर आलं असेल तर ते शिवून घे. जरीच्या झुलीखाली नेहमी सुती कापड घाल, जरीची किनार कधीच अंगाला लागू देऊ नकोस. आणि वजन. घोड्याने खोगिरासकट आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के ओझं उचलावं असा अंदाज धरतात, म्हणजे ३५० किलोची घोडी असेल तर ७० किलो. शेरवानीतला नवरदेव, पुढे बसवलेला छोटा करवला आणि ते चांदीच्या पत्र्याचं खोगीर धर, ७० कधीच ओलांडून जातं. करवल्याला खालून चालू दे म्हणावं, हे ऑर्डर घेतानाच सांगितलं की कुणाला राग येत नाही.

नाकावरचे पापुद्रे बहुतेक उन्हाचे. पांढऱ्या घोडीची ती गुलाबी कातडी आपल्यासारखीच भाजते. दुपारी सावलीत बांध, झिंक ऑक्साईडचं मलम लाव, पुरे. फक्त अंगावरच्या बाकीच्या पांढऱ्या भागांवर पण कातडी सुटायला लागली किंवा डोळ्यांच्या आतली बाजू पिवळी दिसली तर लिव्हरची भानगड असू शकते, मग डॉक्टरला दाखव.

आता पोटदुखी, यासाठीच मी मुळात लिहायला बसले.

आमचा मोती नावाचा घोडा होता, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर पांढरी चांदणी. मी दहावीत होते. श्रावणातल्या सोमवारी टांग्याला गर्दी, संध्याकाळी उशिरा आला आणि वडलांनी कौतुकाने भरपूर भिजवलेले हरभरे घातले. रात्री अकराला त्याने पुढच्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा, बसायचा, उठायचा. गल्लीतले चार लोक जमले, प्रत्येकाचं एक औषध. शेवटी त्याचं डोकं दोरीने वर बांधलं आणि बांबूच्या नळीने गोडं तेल घशात ओतलं. मी कंदील धरून उभी होते. तो खोकला, आणि नाकपुडीतून तेल बाहेर आलं, कंदिलाच्या उजेडात चकाकत होतं ते मला आजही दिसतं. पहाटे त्याने लीद टाकली, पोट मोकळं झालं, सगळे म्हणाले तेलाने गुण आला. दुपारपासून ताप चढला. तेल फुप्फुसात गेलं होतं. चौथ्या दिवशी मोती गेला, पोटदुखीने नाही, औषधाने. माझे वडील वाईट नव्हते गं. त्यांनी आयुष्यात त्याला चाबूक लावला नाही. ते त्याच्याजवळ रात्रभर बसले होते आणि तो गेल्यावर दोन महिने त्यांनी टांगा जोडला नाही.

तेव्हा तोंडातून नळीने तेल, ताक, सोडा, दारू काहीही ओतायचं नाही, हे मी तुझ्याकडून वचन म्हणून मागतेय. डॉक्टर तेल देतात पण ते नाकातून नळी थेट पोटात घालून, नळी पोटातच गेलीय याची खात्री करून. घोड्याला उलटी करता येत नाही, पोट भरून फुगलं तर वरून सुटका नाही, आत आणखी घातलं तर पोट फुटूही शकतं.

पोट दुखतंय असं वाटलं की चारा समोरून उचल. वेळ बघून लिहून ठेव. लीद कधी टाकली होती, कशी होती आठव. डॉक्टरला लगेच फोन, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ती शांत पडली असेल तर पडू दे, जोरजोरात लोळायला लागली आणि भिंतीवर आपटायला लागली तर दहा-पंधरा मिनिटं हळू चालव, दमेपर्यंत पळवत बसू नकोस. आणि घरातली दुखण्याची गोळी किंवा मागच्या वेळचं उरलेलं इंजेक्शन देऊ नकोस, दुखणं झाकलं जातं आणि आत काय चाललंय ते डॉक्टरला कळतच नाही.

वरातीनंतरच का दुखलं याचाही विचार कर. तिथे दिवसभर उभी, पाणी नाही, आणि मग कुणी लाडू घालतं, कुणी गूळ, कुणी पोळीचा गोळा. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, त्याला दिवसरात्र थोडं थोडं चरायची सवय, एकदम गोडधोड पिठाचं गेलं की वायू धरतो, आणि कधीकधी त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन दिवसांत पुढचे खूर आतून सुजतात, घोडी पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, पाऊल उचलायला तयार नसते. असं दिसलं तर तेही लगेच डॉक्टर. तेव्हा निघायच्या दोन तास आधी पोटभर कडबा घालून पाठव, बरोबर पाण्याची बादली दे, तिथल्या पाण्याची चव वेगळी लागली तर घोडी तोंड लावत नाही. आणि यांना सांग, वरातीत घोडीला कुणी काही भरवायचं नाही.

डॉक्टरला कधी बोलवायचं हे कळायला चार आकडे पाठ कर, पण ते आजारपणात शिकायचे नाहीत, घोडी ठणठणीत असताना शिकायचे. एक साधं डिजिटल थर्मामीटर घे, त्याला दोरा बांध, टोकाला व्हॅसलिन लाव, बाजूला उभी राहून शेपटी सरकवून गुदद्वारात घाल. मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असतं. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाने लागते, पंधरा सेकंद मोजून चारने गुण, शांत उभी असताना मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६, कुशीची हालचाल बघून मोजायचा. हिरडी ओलसर गुलाबी असते, अंगठ्याने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी होते. आणि कुशीला कान लाव, दोन्ही बाजूंना, आत सारखी गुडगुड चालू असते, ती अजिबात ऐकू आली नाही तर ते वाईट. तिघींचे आकडे सात दिवस सकाळी सकाळी लिही, मग तुला प्रत्येकीचं आपापलं कळेल, कुणाची नाडी ३२ तर कुणाची ४०, दोन्ही बरोबर. ज्या दिवशी ३२ वालीची ६० लागेल त्या दिवशी तुला कुणाला विचारायची गरज पडणार नाही, तू फोन उचलशील.

डोळ्याच्या बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. डोळा मिटून धरला, पाणी गळतंय, बुबुळ निळसर दिसतंय तर त्याच दिवशी दाखव, आणि घरातला डोळ्याचा कुठलाही ड्रॉप टाकू नकोस, काही ड्रॉपमध्ये स्टिरॉईड असतं आणि बुबुळाला ओरखडा असेल तर त्याने डोळा जातो. मध पण नको. अधूनमधून येणारा ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनपिऊन वाळत चाललेली घोडी असं दिसलं तर रक्त तपासायला सांग, चावऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा असू शकतो. डॉक्टर लवकर मिळत नसेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन कर, सरकारी फिरतं पशुवैद्यकीय पथक असतं, घोड्याचा पेशंट आहे हे आधीच सांग. आणि घोडं बघणारा डॉक्टर कोण हे आजारी पडायच्या आधी शोधून ठेव, सगळेच डॉक्टर घोड्याला हात लावत नाहीत, रात्री बारा वाजता शोधत बसायची वेळ येऊ नये.

रोज खरारा करताना दहा मिनिटं जास्त दे. आधी ब्रश नाही, नुसता उघडा हात. कानामागून मान, पाठ, तंगाची जागा, पोटाखाली, चारही पाय खालपर्यंत, खुराच्या भिंतीवर तळवा ठेव, चारही खूर सारखेच गार आहेत का. आईचा हात असाच फिरायचा, मोतीच्या मागच्या पायाला केसात लपलेला बाभळीचा काटा तिला डोळ्यांनी दिसला नव्हता, हाताला लागला. चारा खाताना अर्धवट चावलेले गोळे खाली टाकतेय का बघ, टाकत असेल तर दाढांची टोकं गालाला लागत असतील, ती वर्षातून एकदा डॉक्टरकडून घासून घ्यावी लागतात. रात्री ती आडवी पडते का हेही बघ. घोडं उभ्यानेही डुलकी काढतं पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढची-मागची दोरी, इतकी आवळून बांधू नका की तिला अंग टाकताच येणार नाही.

आपल्या भागातल्या चार गोष्टी अजून, कारण मखमलाबादला आजूबाजूला काय आहे मला माहितीय. द्राक्षबागेतलं गवत कापून आणू नकोस, आत्ता छाटणीनंतर फवारण्या सारख्या चालू असतात आणि गवतावर काय पडलंय ते आपल्याला दिसत नाही. चाळीतला सडका कांदा लोक जनावरांपुढे टाकतात, घोड्याला तो विषच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी लालसर काळपट होते. कंपाऊंडला कण्हेर लावलेली असेल तर तिच्या जवळ बांधू नका, छाटलेली पानं सुद्धा पडू देऊ नका, मूठभर पानांनी घोडं मरतं. गाईची तयार पेंड घोड्याला घालू नकोस, त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं, घोड्याच्या हृदयाला मारतं. कोवळी हिरवी ज्वारी नको. बुरशी आलेला कडबा किंवा मका तर नकोच, स्वस्तात मिळाला तरी. कुठलाही चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत मिसळत. आणि पाणी, दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, निफाडकडे गारठा पडतो तसा आपल्याकडेही पडायला लागला की घोडी बर्फासारखं पाणी कमी पिते आणि लीद सुकून बसते, पोटदुखीचं हे थंडीतलं मोठं कारण. सकाळच्या बादलीत थोडं कोमट पाणी मिसळ, खाण्यात मीठ घाल.

चौथ्या घोडीचं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला कुठून कुठून घोडी येतात, येवल्याच्या बाजारात पण तसंच, चांगली घोडी मिळते याबद्दल वाद नाही. पण आणल्यावर तीन आठवडे वेगळी ठेवायची, वेगळी बादली, वेगळा तोबरा, वेगळा खरारा, आणि तिचं करून मग आपल्या तिघींकडे जायचं नाही, आधी तिघींचं आटोपून मग तिचं. नाकातून चिकट पिवळट शेंबूड, नाकाच्या आत फोड, पायाच्या आतल्या बाजूला गाठींची माळ असं काही दिसलं तर हात न लावता डॉक्टरला कळव, ग्लँडर्स असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि त्यात घोडं कायद्याने मारावंच लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची रक्ततपासणी होते, डॉक्टर नमुना पाठवतात. यांना म्हणावं बयाणा देण्याआधी डॉक्टरला बरोबर न्या, दात, डोळे आणि खूर बघू द्या, भोवरे आणि देवमन असली शुभ-अशुभाची केसांची चिन्हं नंतर बघू.

राहिले आण्णा. मला त्यांचा राग येत नाही गं, मला त्यांच्यात माझे वडील दिसतात. ज्या माणसाने पन्नास वर्षं घोड्यांत घालवली त्याला चारचौघांत तुमचं चुकतंय म्हटलं तर तो ऐकणार नाही, मी तरी ऐकलं असतं का. म्हणून भांडायला जाऊ नकोस, मदत मागायला जा. नालबंद येईल त्या दिवशी आण्णांना तबेल्यात बोलाव, आण्णा जरा बघा ना, याला आत किती गेलंय ते विचारा, मला सांगायला नाही जमत. नालबंदाने कुजलेला भाग काढून दाखवला की ते स्वतःच बघतील, त्यांच्या डोळ्यांना दिसलं की पुढचं तुला बोलावंच लागणार नाही. नाडी कशी बघायची हे पण त्यांनाच विचार, जुन्या लोकांना बोटाने लागते. ते मोजतील, तू वहीत लिही, आणि वहीवर त्यांचंच नाव घाल. तेलाच्या नळीबद्दल मात्र गोडीगुलाबीने पण स्पष्ट, आणि आजारपणाच्या रात्री नाही, आत्ता. मोतीची गोष्ट सांग त्यांना. म्हणावं एका टांगेवाल्याच्या मुलीने लिहून पाठवलीय, तिच्या बापाचा घोडा असा गेला. टांग्याच्या घरातले आहेत, त्यांना कळेल.

यांच्याशी वेगळं बोल, रात्री जेवणं झाल्यावर, हिशेबाची वही समोर घेऊन. राणीच्या चार ऑर्डर कशा वाटायच्या ते दोघांनी बसून ठरवा, आणि यापुढे कुठली घोडी जाईल कुठली थांबेल हे ठरवताना मला विचारायचं हे सरळ सांग. हे मागायला लाजू नकोस, चार वर्षं लीद काढून तू ते कमावलंयस.

आज संध्याकाळी चारही खूर उचलून बघ, फोटो काढून ठेव, उजव्या पुढच्याचा आणि तुलनेला डाव्याचा. दहा दिवसांनी परत काढ आणि वास गेला का, तंगाखाली केस यायला लागले का ते मला कळव, मी वाट बघतेय. आणि तिघींचे नाल शेवटचे कधी मारले त्या तारखा आजच आण्णांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाक.